मानाची पहिली फुंक

“परवा एकोणचाळीस, काल बेचाळीस, आज परत चाळीसावा नंबर. ह्या मशीनचा माझ्यावरच राग हाय बघ.”

हे माझ्या उजव्या कानापासून वीतभर अंतरावर बोललं गेलं. अगदी हळू, म्हणजे मला नेमकं ऐकू येईल इतकं हळू. बोलणारी अक्काताई हेरवाडे. आमच्या सूतगिरणीच्या कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजतात तिथं, ती तेवीस वर्षांपूर्वी लागली. रोज सकाळी ती गिरणीच्या दवाखान्यातल्या माझ्या टेबलाला कंबर टेकून उभी राहते, कारण भिंतीकडची बाकं तोवर भरलेली असतात आणि टेकल्याशिवाय उभं राहिलं की तिला खोकला येतो.

“मशीन नाही गं निवडत. मी लिहिलेला कोड निवडतो,” मी म्हणाले.

“मग तुझा राग.”

“माझा असता तर रोज बेचाळीसच दिला असता.”

ती हसली, हसता हसता खोकली, आणि पदर तोंडाला लावून गप्प झाली. तेवढ्यात साडेसहाचा भोंगा झाला, आणि आप्पा आले.

आप्पा म्हणजे पैलवान बाळगोंडा चौगुले, वय सहासष्ट, माझे सासरे. ते आले की खोलीतले बेचाळीस जण उठून उभे राहायचे. उठा म्हणून कुणी सांगितलेलं नव्हतं. आप्पा चपला दाराबाहेर काढायचे, भिंतीवरच्या यंत्राला हात जोडायचे, नळी ओठांना लावून एक लांब फुंक मारायचे. पडद्यावर मोठं शून्य उमटायचं, आणि मग दिवसाची रांग सुरू व्हायची. कुणाला शून्य म्हटलं की लोक भांडायला उठतात. आमच्या गिरणीत मात्र ती पदवी होती. हातकणंगल्याच्या बाजारात आप्पांची ओळख करून देताना लोक म्हणायचे, “हे आमच्या गिरणीचं शून्य.” आणि आप्पा मिशीला हात लावायचे.

त्या यंत्राला कागदोपत्री श्वासविश्लेषक म्हणतात. आम्ही फुंकणी म्हणतो. पिठाच्या डब्याएवढी पेटी. आत नखाएवढी एक पातळ पट्टी असते आणि तिच्यावर नऊशे बारीक ठिपके. प्रत्येक ठिपका श्वासातला एकेका प्रकारचा कण धरून ठेवतो. कापसाच्या धुळीनं छाती सुजायला लागली की तिच्यातून काही वासहीन वायू बाहेर पडतात, जे निरोगी छातीतून पडत नाहीत. एक्स-रेत दिसायच्या चार वर्षं आधी ते पट्टीला कळतात. वीस सेकंदांत निकाल येतो, हिरवा, नारिंगी किंवा लाल. नव्या धूळ कायद्यानंतर हा निकाल थेट दारांना जोडला गेला. हिरवा आला तर तुमच्या कार्डानं कार्डिंगचं आणि ब्लोरूमचं, म्हणजे धुळीच्या खात्यांचं, दार उघडतं. नारिंगी असेल तर दिवसभर पॅकिंग. लाल असेल तर डॉक्टर. आमदाराची चिठ्ठी आणली तरी दार उघडत नाही.

पण पट्टीला दोन खोडी आहेत. पहिली अशी, की ती हवेप्रमाणे रोज थोडी सरकते. पावसाळी हवेत वेगळी, उन्हात वेगळी. म्हणून रोज सकाळी आधी एका निरोगी माणसाचा श्वास तिला द्यायचा आणि सांगायचं, हे शून्य धर, बाकीचे ह्याच्यापासून किती लांब ते मोज. दूध संकलनात मोकळा कॅन ठेवून काटा शून्यावर आणतात, तसंच. दुसरी खोड म्हणजे प्रत्येक श्वासाचा किंचित मळ पट्टीवर राहतो. गरम हवेनं पुसलं तरी राहतो. म्हणजे रांगेत जो मागे, त्याच्या निकालात पुढच्या सगळ्यांचा थोडा थोडा मळ येणार. रांग रोज तीच राहिली तर मागचा माणूस कायमचा आजारी दिसणार.

यावरून पहिल्या महिन्यात इथे मारामारी व्हायची बाकी राहिली होती. तेव्हा मी वाइंडिंग खात्यातून दवाखान्याच्या टेबलावर नुकती आले होते. मनगट गेलं म्हणून आले होते, शिकलेली म्हणून नाही. बारावीनंतर माझा पुस्तकाशी संबंध पोरांच्या पुस्तकांना कव्हरं घालण्यापुरता. कोड लिहायला मी फोनवर शिकले, भाकऱ्या थापता थापता, पिठाच्या बोटानं व्हिडिओ मागे ओढून. घरात पहिल्यांदा हे कळलं ते आप्पांना. पुढच्या आठवड्यात सायकलच्या कॅरिअरला टॉवेलात गुंडाळलेला एक जुना लॅपटॉप बांधून घेऊन आले. “ह्यो चालतो म्हणत्यात. चालला न्हाई तर परत देतो म्हणालाय,” एवढंच म्हणाले. तालमीत मात्र सांगून आले होते, आमची सून मशीनशी बोलायला शिकतीया.

तर रांग रोज पिसायची, पण आप्पा पहिले राहिले पाहिजेत, एवढंच माझं काम होतं. माझी पहिली अक्कल अशी, की त्रेचाळीसही नावं पत्त्यांसारखी पिसायची, वर आप्पा आले का बघायचं, नसतील तर परत पिसायचं. चालायचं ते. पण त्रेचाळिसातून एकदाच आप्पा वर येणार, म्हणजे सरासरी त्रेचाळीस वेळा पिसणं आलं. लॅपटॉप बिचारा धापा टाकायचा. मग मला रीत सापडली. कोडमध्ये जागा शून्यापासून मोजतात. जागा शून्यवर आप्पांना बसवायचं आणि त्यांना हातच लावायचा नाही. शेवटच्या जागेपासून उलटं यायचं. प्रत्येक जागेवर थांबून, एकपासून त्या जागेपर्यंतच्या आकड्यांतली एक चिठ्ठी काढायची, आणि जो आकडा येईल त्या जागेवरच्या नावाशी अदलाबदल करायची. स्वतःचाच आकडा आला तर तिथंच राहायचं. चिठ्ठ्यांमध्ये शून्य टाकायचंच नाही. एका फेरीत काम होतं आणि बेचाळीस जणांना कुठल्याही जागेची अगदी सारखी संधी मिळते. सहा ओळी. त्या दिवशी मी घरी जाताना जिलेबी नेली होती, आणि कशाबद्दल ते कुणाला नीट सांगता आलं नव्हतं.

यंत्राच्या पुस्तकात सतराव्या पानावर एक सूचना होती. शून्याचा माणूस दर तीन महिन्यांनी बदलावा आणि मधून मधून त्याची इस्पितळात तपासणी करावी. ती मीच सभेत वाचून दाखवली होती. आमचे चेअरमन सुभाषराव हसले.

“म्हणजे तीन महिन्यांनी पैलवानाला सांगायचं, उतरा खाली, तुमचा मान दुसऱ्याला? काय गुन्हा केलाय त्यांनी? आणि त्यांची छाती तपासायची? तुम्ही सांगा सुवर्णाताई, तुमचेच सासरे हायत.”

सगळे हसले. मीही हसले. सुरुवातीला कोल्हापूरच्या इस्पितळात सगळ्यांची तपासणी झाली होती, तिच्यात सबंध गिरणीत सगळ्यांत स्वच्छ छाती आप्पांची निघाली होती. पंचवीस वर्षांच्या पोरांपेक्षा स्वच्छ. ते सर्टिफिकेट अजून ऑफिसात फ्रेम करून लावलेलं आहे. शून्य झाल्यावर गिरणीनं त्यांना मानाची हलकी नोकरीही दिली. कापसाच्या गोदामात खुर्ची, टेबल आणि डोक्यावर पंखा. बसून फक्त गाठी मोजायच्या. पंखा दिवसभर काय उडवत होता, ते तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

अडीच वर्षं असं झकास चाललं. आणि यंदा संक्रांतीनंतर गिरणीची तब्येत सुधारायला लागली.

आधी दोन नारिंगी हिरवे झाले. मग पाच. होळीपर्यंत लाल एकही उरला नाही. चेअरमननी नव्या मुखपट्ट्या मागवल्या होत्या, सुधारणेचं श्रेय त्यांनाच गेलं. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टर नाझनीन मुल्लाणी आकडे बघून म्हणाल्या, “असं व्हायला नको खरं तर. पण होतंय तर होऊ दे.” जिल्ह्यातून कौतुकाचं पत्र आलं. गेटवर फ्लेक्स लागला. वर गिरणीचं नाव, खाली आप्पांचा तालमीतला जुना फोटो आणि ‘आमचं शून्य, आमचा अभिमान’. मी त्याच्याखाली उभी राहून फोटो काढून घेतला. काढणारच.

शनिवारी अक्काताईचा निकालही हिरवा आला. दोन वर्षं पॅकिंगमध्ये काढल्यावर पहिल्यांदा. ब्लोरूममध्ये माणसं कमी होती. सुपरवायझरनं लगेच तिला सोमवारपासून तिकडं लावलं. ब्लोरूम म्हणजे गाठी फोडतात ती जागा. तिथं सकाळी काळी साडी नेसून गेलं तर दुपारी पांढरी होते.

“हिरवी झालीस की गं,” मी म्हणाले.

“व्हय. मशीन म्हणतंय तर झालेच असंन,” ती म्हणाली, आणि इतकी खोकली की मला पाण्याचा तांब्या पुढं करावा लागला.

त्या खोकल्यानं माझा रविवार खाल्ला. दुपारी जेवणं उरकल्यावर मी तीन महिन्यांचे सगळे आकडे उघडले. पट्टी जुनी होत असेल तर मळ वाढेल, आणि मागच्या जागांवरचे आकडे पुढच्यांपेक्षा वेगळे निघतील. म्हणून आकडे जागेप्रमाणे लावले. पहिल्या जागेचे जेवढे खाली आलेले, बेचाळिसाव्या जागेचेही तेवढेच. खात्याप्रमाणे लावले. कार्डिंगवाले आणि पॅकिंगवाले सारखेच सुधारलेले. वयाप्रमाणे लावले, तरी तेच. बेचाळीस जण, कुणी बिडी ओढणारा, कुणी दोन मुलांची आई, आणि सगळ्यांच्या छात्या एकाच मापानं बऱ्या होत होत्या. अशी कुणाची सुधारणा होत नसते.

माझ्या सहा ओळींवर माझा विश्वास होता. पिसल्यानं जे काही उजवं डावं असेल ते सगळ्यांत वाटलं जातं. मग जे सगळ्यांना एकदम लागू झालं, ते पिसलेल्यांत नसणार. न पिसलेलं एकच होतं. मोकळ्या कॅनलाच चिखल लागला असेल तर काटा शून्य दाखवतच राहतो, आणि पुढचं सगळं दूध तेवढं कमी भरतं.

मी लॅपटॉप मिटला. बाहेरच्या सोप्यात आप्पा झोपाळ्यावर बसून झोपले होते. आडवे झोपले नव्हते. कधीपासून ते बसून झोपतात, हे मी आठवायला लागले आणि मला शिमग्याच्याही आधीची अशीच एक दुपार आठवली.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेंगा फोडत होत्या. मी विचारलं, “आप्पा तालमीत जात नाहीत हल्ली?”

“गुडघा दुखतोय त्यांचा.”

“कुठला?”

“दोन्ही,” म्हणाल्या आणि टरफलं गोळा करायला लागल्या.

भरतला, माझ्या नवऱ्याला, परड्यात गाठलं. तो गाडी धूत होता. “आप्पा माडीवर कधी गेलेत शेवटचे?” त्यानं पाइप तसाच धरून ठेवला, पाणी एकाच चाकावर पडत राहिलं. “ऊन लई हाय यंदा,” तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “तू काय करणार हायस ते मला सांगू नकोस.”

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. कान मलाही होतेच की. रात्रभर भिंतीपलीकडून येणारी शीळ मी उंदीर आहे म्हणून ऐकत होते.

डॉक्टर मुल्लाणींना फोन केला. मी आकडे वाचून दाखवले, त्यांनी ते लिहून घेतले. मग म्हणाल्या, “यंत्राबरोबर प्रमाणित हवेचं सिलिंडर आलं होतं. सील फोडलंय का?”

“कपाटात आहे. आप्पा असताना कशाला लागतंय, म्हणून ठेवून दिलं.”

“ते शून्यावर लावा. माणूस नको. मी सकाळी येते.” आणि मग, “घरी सांगितलंत?”

“नाही.”

“मी सांगू?”

“नको,” मी म्हणाले. सांगायचं कसं, हे मलाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी आप्पांना चहा दिला तेव्हा ते म्हणाले, “उद्या पत्रकार येणार म्हणं. तुझं पण नाव सांगणार हाय मी. रांग कोण लावतं विचारलं तर सांगणार, आमची सून.” बशी धरलेला हात चांगला भक्कम होता. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “साखर बरोबर आहे ना?”

कोडमध्ये काही फारसं करायचंच नव्हतं. जागा शून्यवर सिलिंडर. आणि आप्पांचं नाव खाली यादीत, बाकीच्यांबरोबर. एकूण त्रेचाळीस. सहा ओळींना हात लावायची गरजही पडली नाही.

सोमवारी साडेसहाला खोली भरलेली होती. चेअरमन, सुपरवायझर, एक पत्रकार पोरगी, कोपऱ्यात डॉक्टर. आप्पा नवा सदरा घालून आले, चपला काढल्या, हात जोडले, नळीकडे गेले. पडद्यावर शून्य आधीच उमटलेलं होतं आणि खाली नाव होतं, हेरवाडे अक्काताई. एक नंबर.

“अगं बाई,” अक्काताई म्हणाली.

आप्पा हात तसाच पुढं धरून उभे होते. मी म्हणाले, “आप्पा, आजपासून शून्यावर सिलिंडर आहे. तुमचा नंबर सतरावा आलाय. बसा जरा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. कुस्तीत समोरच्याचा डाव कळेपर्यंत बघत असतील तसे. मग बाकावर जाऊन बसले. त्यांना बसलेलं बघून उभं राहावं की बसावं, हे कुणाला कळेना.

अक्काताईनं फुंक मारली. लाल.

खोलीत कुजबुज झाली. पुढचा नारिंगी. पुढचा नारिंगी. चौथी लाल. पाचवा हिरवा, तेव्हा कुणीतरी सुस्कारा टाकला. सहावी परत लाल. पत्रकार पोरीनं वही मिटून मांडीवर ठेवली.

“थांबवा हे,” चेअरमन म्हणाले. “सुवर्णाताई, काय करून ठेवलंय? शनिवारी ही सगळी हिरवी होती.”

“सिलिंडर जुनं असंल, साहेब,” सुपरवायझर म्हणाला.

“त्याची मुदत अजून दोन वर्षं आहे,” डॉक्टर म्हणाल्या.

चेअरमन माझ्याकडे वळले. “मग कोड चुकला असंल. काय हो, तुम्हीच लिहिलाय न्हवं? घरच्या घरी शिकून लिहिलेलं, चुकणारच कवातरी. आमचंच चुकलं, कंपनीकडून घ्यायला पाहिजे होता.” त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट समजुतीचा झाला होता, आणि तेच वाईट होतं. “जुनी यादी लावा परत. पैलवानांना शून्यावर घ्या. ही माणसं कामाला जाऊ देत. ब्लोरूम मोकळी पडलीया.”

मला उत्तर ठाऊक होतं. ते एका वाक्याचं होतं. मी डॉक्टरांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. सुपरवायझरनं जमिनीकडे बघितलं. गोदामातले दोन हमाल, जे आप्पांबरोबर रोज असतात, ते एकदम खिडकीबाहेर काहीतरी बघायला लागले. तेव्हा मला कळलं की घराबाहेरही माहीत होतं. पैलवानाच्या तोंडावर ते वाक्य बोलायला बेचाळिसातला एकही तयार नव्हता, आणि त्यांच्या सुनेला ते बोलवत नव्हतं.

“लावा की ताई. कशाची वाट बघताय?” चेअरमन म्हणाले.

मी बोटं कळांवर ठेवली. अक्काताईचं कार्ड तिच्या हातात होतं. जुनी यादी लावली की दहा मिनिटांत ते ब्लोरूमचं दार उघडणार होतं.

“सुवर्णा.”

आप्पा बाकावरून उठले होते. एका हातानं भिंत धरली होती.

“तुझं चुकलंय?”

“नाही, आप्पा.”

“पक्कं?”

“तीन वेळा तपासलंय. वेगवेगळं लावून बघितलंय. माझ्या ओळी बरोबर आहेत.”

ते मान हलवत राहिले. हिशेब माझा होता, पण पटवून ते घेत होते. मग ते चेअरमनकडे वळले. सहा पावलांचं अंतर. ती सहा पावलं त्यांनी अशी टाकली, की खोलीतल्या प्रत्येकाला त्यांचा श्वास ऐकू आला. आत ओढलेला, मग शिट्टीसारखा बाहेर आलेला. आप्पांनी तो लपवला नाही. चेअरमनच्या समोर उभं राहून दोनदा पुरा येऊ दिला, गेलेला ऐकू दिला.

“सुभाषराव,” ते म्हणाले, “माझ्या सुनंच्या गणिताला नाव ठेवू नका. ते बरोबर हाय.” थोडं थांबले, हवा आली तशी पुढं बोलले. “छाती माझी गेलीया. सहा म्हैने झालं.”